नोकरी सांभाळून कामगार कायद्याचा ऑनलाइन अभ्यास: कोणता करावा आणि कितपत उपयोग होतो?

मृण्मयी_चाकण

नमस्कार. चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात काम करते. एमबीए करताना कामगार कायद्यांचा एक विषय होता. तो परीक्षेपुरता वाचला आणि पुढची वर्षे भरती, हजेरी, प्रशिक्षण आणि वार्षिक मूल्यमापन यांतच गेली. आमच्याकडे कायद्याच्या पूर्ततेचे काम बाहेरचे सल्लागार पाहतात. त्यामुळे एखाद्या कामगाराने ग्रॅच्युइटीबद्दल किंवा रजेच्या पगाराबद्दल काही विचारले, की माझे उत्तर ठरलेले असते: "सल्लागारांना विचारून सांगते." २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्यावर असे प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे आणि हे उत्तर देण्याचा मला आता कंटाळा आला आहे.

पाळ्यांमुळे आणि प्रवासामुळे वर्गात बसून शिकणे शक्य नाही, म्हणून ऑनलाइनच शिकावे लागेल. प्रश्न असे आहेत. विद्यापीठाची पदविका करावी, एखादा लहान प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा, की स्वतःच वाचावे? २९ केंद्रीय कायदे जाऊन चार संहिता आल्या असतील, तर जुने कायदे वाचण्यात वेळ घालवावा का? आणि कामगार अधिकाऱ्यासमोर किंवा युनियनसमोर बसल्यावर या शिक्षणाचा खरोखर उपयोग होतो का? ज्यांनी केले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

शून्यप्रहर

वाचनखूण साठवली आहे. माझेही उत्तर "सल्लागारांना विचारून सांगतो" हेच आहे. फरक इतकाच, की आमचे सल्लागार फोन उचलत नाहीत.

निवृत्त_कार्मिक

मृण्मयीताई, प्रश्न चांगला आहे, परंतु अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी तो कशासाठी हवा हे ठरवावे. ज्ञानासाठी हवा असेल तर एक मार्ग आहे आणि वैधानिक पदासाठी हवा असेल तर दुसरा.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ नुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा लागत असे. नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा २५० वर आणली आहे, म्हणजे या पदासाठी पात्र माणसांची गरज वाढणार आहे. या पदाची शैक्षणिक पात्रता राज्याचे नियम ठरवतात आणि कोणतेही सहा आठवड्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र त्यात बसत नाही. आमच्या पिढीतील पुष्कळ जण परळच्या संस्थेतून शिकले. १९४७ साली स्थापन झालेली ती संस्था आता नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते. गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून देणारे ते हेच लोखंडे. पुणे विद्यापीठाची कामगार कायदे आणि कामगार कल्याण यांची पदविकाही उद्योगांत चांगली परिचित आहे. आपल्याला पुढे कल्याण अधिकारी व्हायचे असेल, तर पैसे भरण्यापूर्वी तो अभ्यासक्रम राज्याच्या नियमांत मान्य आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. जाहिरातीतील "शासनमान्य" या शब्दावर विसंबू नये.

दुसरा मुद्दा थोडा कटू वाटेल. खातेनिहाय चौकशी, म्हणजे कामगारावरील आरोपांची कारखान्याने केलेली अंतर्गत चौकशी, पडद्यावर पाहून शिकता येत नाही. आरोपपत्रात "गैरवर्तन केले" एवढेच लिहून चालत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रापाशी, कोणासमोर काय घडले आणि ते स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमांच्या, कोणत्या कलमाखाली येते, हे सर्व त्यात यावे लागते. साक्षीदाराच्या जबानीच्या प्रत्येक पानावर त्याची, कामगाराची, त्याच्या बचाव प्रतिनिधीची आणि चौकशी अधिकाऱ्याची सही घ्यावी लागते, आणि कामगाराने सही नाकारली तर नकाराची नोंद तिथल्या तिथे करावी लागते. हे शिकायचे तर कोणा अनुभवी माणसाच्या शेजारी बसून कागद हाताळावे लागतात. चौकशी सदोष ठरली, तर काय किंमत मोजावी लागते हे समजण्यासाठी दीपाली गुंडू सुरवसे प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल अवश्य वाचावा. बेकायदा बडतर्फीत पूर्ण मागील वेतनासह पुन्हा कामावर घेणे हा सर्वसाधारण नियम आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

ॲड_अनुराधा

मी कामगार न्यायालयात वकिली करते. निवृत्त_कार्मिक यांच्या पहिल्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे, दुसऱ्याशी अर्धी.

पडद्यावर चौकशी शिकता येत नाही हे खरे असले, तरी वर्गातही ती कोणी शिकवत नव्हते. उलट आज घरबसल्या जे साहित्य उपलब्ध आहे ते आमच्या विद्यार्थिदशेत ग्रंथालयात रांग लावूनही मिळत नसे. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर अधिनियमांचा मूळ पाठ मोफत आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर वर मोफत शोधता येतात. केंद्र सरकारच्या स्वयम् मंचावरील अभ्यासक्रम विनाशुल्क ऐकता येतात, फक्त प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे शुल्क भरावे लागते. त्यामुळे पैसे कशासाठी भरावेत, तर शिस्तीसाठी आणि शंका विचारण्याच्या सोयीसाठी. ज्या अभ्यासक्रमात थेट प्रश्नोत्तरांचा तास नाही, त्याला पैसे देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑनलाइन एलएलबीच्या जाहिराती दिसल्या तर दुर्लक्ष करावे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने केलेली एलएलबी बार कौन्सिल ऑफ इंडिया मान्य करत नाही आणि त्या आधारावर सनद मिळत नाही. पदविका आणि प्रमाणपत्रे यांची गोष्ट वेगळी आहे.

मनुष्यबळ विभागातील व्यक्तीने कायदा का शिकावा, याचे उत्तर औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ३६ मध्ये होते. मालक आणि कामगार यांच्यात तडजोड घडवणाऱ्या सरकारी समेट अधिकाऱ्यासमोरील कार्यवाहीत वकिलाला बाजू मांडता येत नसे. कामगार न्यायालयातही दुसऱ्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागत असे. त्यामुळे मागणीपत्र समेटासाठी गेले, की टेबलाच्या एका बाजूला युनियनचे मुरलेले पदाधिकारी आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचा मनुष्यबळ अधिकारी, असे चित्र मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. तिथे "विचारून सांगते" म्हटले, की पुढची तारीख पडते आणि त्या दिवसापुरती आपली पत जाते.

वाचनाची पद्धत म्हणून एवढेच सुचवते: कोणताही अधिनियम हातात घेतल्यावर आधी तो कोणाला लागू होतो ते वाचावे, मग व्याख्या, मग शिक्षेची कलमे, आणि उरलेला भाग त्यानंतर. औद्योगिक कलहांतील निम्मे वाद "हा कामगार आहे का" आणि "हे वेतन आहे का" या दोनच प्रश्नांवर लढले जातात.

पगारपत्रक

"हे वेतन आहे का" या प्रश्नावर ऑनलाइन शिकवणाऱ्यांनी सध्या जो गोंधळ घातला आहे, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी पगार विभागात आहे. संहिता लागू झाल्यापासून "मूळ वेतन ५० टक्के करणे बंधनकारक" असे सांगणाऱ्या चित्रफितींचा पूर आला आहे. वेतन संहितेत असे कुठेही म्हटलेले नाही.

संहितेने वेतनाच्या व्याख्येतून काही गोष्टी वगळल्या आहेत: घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा, अतिकालिक भत्ता, कमिशन इत्यादी. या वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर वरची रक्कम पुन्हा वेतनात मिळवावी लागते. ग्रॅच्युइटी आणि छाटणीची भरपाई वगळलेल्यांत असली, तरी या बेरजेत धरायची नाही.

उदाहरण घेऊ. एका कर्मचाऱ्याला दरमहा ४०,००० रुपये मिळतात: मूळ १०,०००, घरभाडे १६,०००, वाहतूक ८,००० आणि विशेष भत्ता ६,०००. वगळण्याजोगे दोनच, घरभाडे आणि वाहतूक, म्हणजे २४,०००. मर्यादा २०,००० ची, म्हणून वरचे ४,००० वेतनात परत येतात. विशेष भत्ता मुळात वगळलेल्या यादीतच नाही, त्यामुळे त्याचे ६,००० वेतनच आहेत. एकूण वेतन १०,००० अधिक ६,००० अधिक ४,०००, म्हणजे २०,०००. मूळ वेतनाला हातही न लावता हा आकडा आला. जुन्या कायद्यात ग्रॅच्युइटी मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांवर निघत असे. महिन्याचे २६ दिवस धरून १५ दिवसांचे वेतन, म्हणजे १५ भागिले २६ या सूत्राने एका वर्षाचे ५,७६९ रुपये होत. आता त्याच माणसाचे ११,५३८ रुपये होतात. व्यवस्थापनाला खरी धास्ती या आकड्याची आहे.

भविष्य निर्वाह निधीबाबत मात्र १५,००० रुपयांची मर्यादा २०१४ पासून तीच आहे. ज्यांची वर्गणी आधीच त्या मर्यादेवर जात होती, त्यांच्या हातात येणाऱ्या पगारात या व्याख्येमुळे फरक पडण्याचे कारण नाही. "हातात कमी पगार येणार" असे सरसकट सांगणाऱ्याचा अभ्यासक्रम विकत घेऊ नये, ही माझी पहिली चाचणी आहे.

मृण्मयी_चाकण

पगारपत्रक, फार आभार. विशेष भत्ता वगळलेल्या यादीत नाही ही गोष्ट आमच्या कार्यालयात झालेल्या दोन तासांच्या सादरीकरणात कोणीच सांगितली नव्हती. पण मग माझा दुसरा प्रश्न अधिकच टोकदार होतो. सर्व काही नव्याने व्याख्याबद्ध झाले असेल, तर औद्योगिक विवाद, कारखाने आणि ग्रॅच्युइटी यांचे १९४७, १९४८, १९७२ हे कायदे आता कशासाठी वाचायचे?

ॲड_अनुराधा

तीन कारणांसाठी. संहिता लागू होण्यापूर्वी घडलेल्या घटनांचे दावे पुढची अनेक वर्षे चालतील आणि त्यांत जुन्याच तरतुदींवर युक्तिवाद होतील. शिवाय संहितांतील पुष्कळशी वाक्ये जुन्या कायद्यांतून जशीच्या तशी आली आहेत. त्यांचा अर्थ सांगणारे निकाल जुन्या कलमांवरचे आहेत. भत्त्यांपैकी जो सर्वांना सरसकट मिळतो तो मूळ वेतनाचाच भाग, हे तत्त्व विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात २०१९ साली भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्यावर सांगितले गेले. त्या चर्चेची ओळख नसेल, तर नवी व्याख्या अशीच का रचली गेली हे उमगत नाही.

तिसरे कारण आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे आणि बाजारातील बहुतेक अभ्यासक्रम तिथेच कमी पडतात. ते अखिल भारतीय ग्राहकासाठी बनवलेले असतात. त्यांत केंद्रीय कायदा येतो, महाराष्ट्र येत नाही. चाकणमध्ये काम करणाऱ्या माणसाला मात्र महाराष्ट्राचे स्वतःचे कायदे रोज लागतात: माथाडी कायदा १९६९ चा, कामगार कल्याण निधीचा कायदा १९५३ चा, किमान घरभाडे भत्त्याचा १९८३ चा, व्यवसाय कर १९७५ चा, दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा. आणि या सर्वांच्या वर कामगार संघटनांना मान्यता देण्याचा व अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा १९७१ चा तो कायदा, ज्याला आपण सारे नुसते "पल्प" म्हणतो.

पल्प कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित कामगार प्रथांची यादी आहे. तिच्यातील सहावी बाब अशी, की कामगारांना बदली (दुसऱ्याच्या जागी घेतलेले), नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षे ठेवणे आणि कायमपणाचे लाभ नाकारण्याचा हेतू त्यामागे असणे. तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करावी लागते. सरकारी सेवेत नियमबाह्य नेमलेल्यांना कायम करण्यावर मर्यादा घालणाऱ्या २००६ च्या उमादेवी निकालानंतर कायम करण्याचे सर्व मार्ग बंद झाले असे अनेक मालकांना वाटत होते. परंतु एसटी महामंडळ विरुद्ध कास्ट्राइब राज्य परिवहन कर्मचारी संघटना या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मंजूर पदे उपलब्ध असतील तर औद्योगिक न्यायालयाचा हा अधिकार अबाधित आहे. औद्योगिक संबंध संहितेने कामगार संघटना, स्थायी आदेश आणि औद्योगिक विवाद यांचे १९२६, १९४६ आणि १९४७ चे तीन केंद्रीय कायदे निरसित, म्हणजे रद्द, केले. हा राज्याचा कायदा त्या यादीत नाही. संहितेशी त्याचा मेळ कसा बसतो यावर न्यायालयांत वाद होतीलच, आणि म्हणूनच त्याची ओळख नसलेला मनुष्यबळ अधिकारी महाराष्ट्रात चालणार नाही. अभ्यासक्रमाची विषयसूची मागवावी. तिच्यात १९७१ चा कायदा नसेल, तर तो अभ्यासक्रम आपल्यासाठी अपुरा आहे.

कामगार_बाजू

धागा वाचतो आहे. मी एका कारखान्यातील युनियनचा पदाधिकारी आहे आणि दुसऱ्या बाजूने लिहितो.

मनुष्यबळ विभागातील लोकांनी कायदा शिकावा याला आमची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु तो कशासाठी शिकला जातो याचा अनुभव फारसा चांगला नाही. सात महिन्यांनी कामगाराच्या सेवेत ब्रेक देण्याची पद्धत कोणा अडाणी माणसाने शोधलेली नाही. १२ महिन्यांत २४० दिवस भरले, की औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम २५-एफचे, म्हणजे छाटणीपूर्वी नोटीस आणि भरपाई मिळण्याचे, संरक्षण मिळत असे, हे नीट वाचलेल्या माणसानेच सात महिन्यांचा हिशेब बसवला. आता त्याच हुशारीने मुदतीच्या नेमणुका येत आहेत. मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी देण्याची तरतूद नव्या संहितांत आहे म्हटल्यावर अकरा महिन्यांची नियुक्तीपत्रे छापून तयार झाली असतील, अशी मला शंका आहे.

आणि २४० दिवसांबद्दलही एक गोष्ट सांगतो. हजेरीपटावरील "हजर" अशी खूण मोजून "याचे २१४ दिवसच भरले" असे सांगणारे अधिकारी मी पाहिले आहेत. अमेरिकन एक्स्प्रेसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले आहे, की पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सणाच्या सुट्ट्याही त्यात धराव्या लागतात. त्या मिळवल्या, की २१४ चे सहज २४० च्या वर जातात. आमच्या मुलांना हा निकाल मोबाइलवर सापडतो. रात्रपाळी संपल्यावर कॅंटीनमध्ये बसून ते तो वाचतात, त्यासाठी त्यांना कोणी शुल्क भरायला लावत नाही.

निवृत्त_कार्मिक

कामगार_बाजू यांचे म्हणणे मी नाकारणार नाही, परंतु ते पूर्णही नाही. सात महिन्यांच्या ब्रेकला विरोध करणारी टिपणे कार्मिक विभागातूनच व्यवस्थापनाकडे गेलेली मी पाहिली आहेत. त्या टिपणात कलम आणि निकाल नमूद असेल, तर संचालकांना ते बाजूला सारणे कठीण जाते. नुसते "हे बरोबर वाटत नाही" असे लिहिले, तर ते टिपण केराच्या टोपलीत जाते. कायदा शिकलेला अधिकारी मालकाच्या बाजूने बसतो, तरी मालकाला "हे करता येणार नाही" असे सांगण्याचे बळही त्याला त्याच शिक्षणातून मिळते.

कामगार_बाजू

अशी टिपणे लिहिणारे अधिकारी आम्हालाही भेटले आहेत. त्यांची बदली लवकर होते, इतकेच.

मांडवीकाठ

पणजीहून लिहीत आहे. आमच्याकडे सध्या ऑनलाइन प्रशिक्षणाची सर्वाधिक मागणी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यासाठी आहे. एक तासाची चित्रफीत, शेवटी दहा प्रश्न आणि लगेच प्रमाणपत्र, असा हा प्रकार असतो. कर्मचाऱ्यांच्या जागृतीसाठी ते ठीक आहे. अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांसाठी मात्र ते अजिबात पुरेसे नाही, असे माझे मत आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा ऑरेलियानो फर्नांडिस निकाल गोवा विद्यापीठातील प्रकरणातून आला. तिथे चौकशी समितीने घाईघाईत सुनावण्या उरकल्या, बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही आणि त्यामुळे अनेक वर्षांनंतर सर्व कार्यवाही पुन्हा करण्याची वेळ आली. यात तक्रारदार स्त्रियांनाही न्याय मिळाला नाही आणि ज्याच्यावर आरोप होते त्यालाही नाही. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, शिफारशींवर कार्यवाही ६० दिवसांत, या मुदती चित्रफितीतून पाठ होतात. पण साक्ष नोंदवताना कोणता प्रश्न विचारू नये हे तिथे कोणी शिकवत नाही.

वाळवंटातला_पुणेकर

दुबईत मनुष्यबळ विभागात आहे आणि भारतातील कार्यालयाचेही काम पाहतो, त्यामुळे दोन्ही देशांचे कायदे ऑनलाइनच शिकावे लागले. येथील २०२१ च्या कायद्यानुसार एक वर्ष पूर्ण झाल्यावर सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी लागू होते. पहिल्या पाच वर्षांसाठी प्रतिवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन आणि त्यापुढे ३० दिवसांचे. येथे मूळ वेतनच धरतात, भत्ते नाहीत. भारतातील सहकाऱ्यांशी बोलताना दोन्ही हिशेबांची सरमिसळ फार लवकर होते. परदेशात बसून भारतीय कायदा शिकणाऱ्यांना एवढेच सांगेन, की ध्वनिमुद्रित व्याख्यान कोणत्या महिन्यातले आहे ते आधी पाहावे. २०२५ च्या नोव्हेंबरपूर्वीचे असेल, तर आकडे पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नयेत.

पदविकाधारक

मी नोकरी करताना पुण्यातून कामगार कायद्याची पदविका केली. व्याख्याने बहुतांशी संध्याकाळी ऑनलाइन होत असत. मृण्मयी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी नीट दिलेले नाही, म्हणून लिहितो.

पदविकेची परीक्षा बरीचशी स्मरणशक्तीची असते. "छाटणी म्हणजे काय, सोदाहरण स्पष्ट करा" अशा प्रश्नांना चार पाने लिहून गुण मिळतात. व्याख्यानांच्या वेळी निम्मे विद्यार्थी कॅमेरा बंद करून घरी जाणाऱ्या बसमध्ये असत, मीही त्यांपैकीच. तरी मी ती करावी असे सांगेन, कारण अधिकृत पात्रता म्हणून तिला नोकरीच्या बाजारात किंमत आहे आणि वर्षभर एका विषयाला बांधून घेतल्याचा परिणाम होतोच.

खरे शिक्षण आमच्या पाच-सहा जणांच्या गटात झाले. शनिवारी रात्री आम्ही व्हिडिओ कॉलवर खोटी खातेनिहाय चौकशी चालवत असू. एक जण चौकशी अधिकारी, एक व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, एक आरोपी कामगार आणि एक त्याचा बचाव प्रतिनिधी. प्रकरण साधेच घ्यायचो: पाळी सुरू असताना यंत्र सोडून झोपणे. पहिल्याच बैठकीत बचाव प्रतिनिधीने विचारले, "झोपलेला पाहिला म्हणजे डोळे मिटलेले पाहिले, की मान खाली पाहिली? तुम्ही किती अंतरावर होता? त्या वेळी यंत्र चालू होते की बंद?" साक्षीदार झालेल्या मित्राला एकाचेही उत्तर देता आले नाही आणि त्या एका तासात आरोपपत्र कसे लिहावे हे आम्हा सर्वांना समजले. निलंबन काळातील निर्वाह भत्ता पहिल्या ९० दिवसांसाठी ५० टक्के आणि विलंब कामगारामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के, हे पुस्तकात वाचले होते; पण गटातील "आरोपी" पहिल्याच मिनिटाला "मला भत्ता मिळालेला नाही, मी चौकशीत भाग घेणार नाही" म्हणून अडून बसला, तेव्हा त्या तरतुदीचे वजन कळले. निवृत्त_कार्मिक काका, पडद्यावर चौकशी शिकता येते, फक्त ती पाहण्याऐवजी करावी लागते.

दुसरी सवय नोंदवह्यांची. जे कलम वाचले, त्याची आपल्या कारखान्यातील नोंदवही किंवा विवरणपत्र दुसऱ्या दिवशी उघडून पाहायचे. वेतन संहितेच्या कलम १७ नुसार नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे. हे वाचल्यावर आपल्याकडील शेवटच्या राजीनाम्यांची देयके कधी निघाली ते काढून पाहा. पोहता येते असे वाटणे आणि पाण्यात उतरणे यांतला फरक तिथे लगेच कळतो.

निवृत्त_कार्मिक

पदविकाधारक, त्या शनिवारच्या बैठकीचे निमंत्रण मिळाले, तर चौकशी अधिकारी व्हायला मी तयार आहे. निर्वाह भत्ता मागणार नाही.

शून्यप्रहर

आरोपी कामगाराची जागा रिकामी असेल तर मला घ्यावे. झोपण्याचा अनुभव आहे.

मृण्मयी_चाकण

सर्वांचे मनापासून आभार. धाग्यामुळे बरेच ठरले आहे: पदविकेसाठी अर्ज करते आणि ती सुरू होईपर्यंत १९७१ चा कायदा आणि वेतन संहिता मूळ पाठातून वाचते. आज वरिष्ठांशी बोलले. कंपनी शुल्क भरायला तयार आहे, परंतु पदविका पूर्ण झाल्यानंतर दोन वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडल्यास एक लाख रुपये भरीन, असे लिहून मागत आहे. हे कायद्यात टिकते का? कायदा शिकण्याआधीच कायद्याचा पहिला प्रश्न समोर आला आहे.

ॲड_अनुराधा

अशा बंधपत्रांना सरसकट बेकायदा म्हणता येत नाही. विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या किमान सेवेची आणि ती न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ व्यवसायाला प्रतिबंध करणारे करार रद्दबातल ठरवते, परंतु नोकरीत असतानाच्या कालावधीपुरते बंधन हा तसा प्रतिबंध नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ते प्रकरण सार्वजनिक क्षेत्रातील बँकेचे होते. भरती प्रक्रियेचा खर्च आणि रिक्त पद भरण्यातील अडचणी यांचा विचार तिथे झाला. खाजगी कंपनीच्या बाबतीत रक्कम वाजवी आहे का, हा प्रश्न त्याच अधिनियमाच्या, करारभंगाच्या भरपाईविषयीच्या कलम ७४ खाली उभा राहतोच.

म्हणून सही करण्यापूर्वी काही गोष्टी मागाव्यात. पदविकेचे प्रत्यक्ष शुल्क एक लाखाच्या जवळपासही नसेल, तर भरपाईची रक्कम प्रत्यक्ष खर्चाइतकी असावी असे सुचवावे. जितके महिने सेवा झाली तितक्या प्रमाणात ती कमी होत जावी. कंपनीनेच नोकरीवरून काढले, बदलीची अशक्य अट घातली किंवा कारखाना बंद झाला, तर बंधन संपेल असे स्पष्ट लिहून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे ताब्यात ठेवण्याची अट असेल, तर ती मान्य करू नये. आणि अभ्यासासाठी परीक्षेच्या दिवसांची पगारी रजा त्याच कागदात लिहून घ्यावी, नंतर तोंडी आश्वासनाची आठवण करून देणे अवघड जाते.

मृण्मयी_चाकण

परीक्षेच्या रजेचे सुचलेच नव्हते. सोमवारी मसुदा मिळणार आहे. तो इथे टाकू का?

ॲड_अनुराधा

कंपनीचे नाव, रक्कम आणि सह्या झाकल्याशिवाय टाकू नये. शक्यतो कलमे स्वतःच्या शब्दांत लिहावीत. आपल्या नियुक्तीपत्रात गोपनीयतेचे कलम असण्याची शक्यता आहे. तेही सोमवारपूर्वी एकदा काढून वाचावे.